मालवणचे सागरी अभयारण्य वाढवावे का? एका सागरी जीवशास्त्रज्ञाचे उत्तर

प्रश्न असा आला आहे: अमेरिका, पलाउ, ऑस्ट्रेलिया यांनी आपली सागरी अभयारण्ये लाखो चौरस किलोमीटरपर्यंत वाढवली. उष्ण कटिबंधातले समुद्री जीवन त्यामुळे खरोखर वाचते का? वाचत असेल तर मालवणचे अभयारण्य १९८७ पासून तेवढेच का? आणि उद्या ते वाढवले, तर मच्छीमाराने जायचे कुठे?

आधी सरळ उत्तर देतो. हो, अभयारण्ये वाढवायला हवीत, मालवणचेसुद्धा. मात्र मालवणच्या बाबतीत सगळे ज्या आकड्यावर भांडतात, तो आकडा मला महत्त्वाचा वाटत नाही. अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातले गाभा क्षेत्र फक्त ३.१८ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूची पाण्याखालची खडपे एवढ्यातच ते संपते. उरलेल्या पट्ट्यात मासेमारी चालते, आणि गाभ्यातही होड्यांची, नांगरांची वर्दळ असतेच. कोकणच्या खडपांवर प्रवाळ आणि मासे मोजण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगतो, ज्या पाण्यातून काहीच काढले जात नाही असे पाणी किती आणि ते कोण राखतो, या दोन गोष्टींवर बाकी सगळे ठरते. नकाशावरची बाहेरची रेघ कितीही लांब ओढली तरी माशाला तिचा पत्ता नसतो.

जगभरात हेच दिसते. समुद्राचा आठ-दहा टक्के भाग आज कागदावर 'संरक्षित' आहे, पण मासेमारी पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बंद असलेला भाग तीन टक्क्यांच्या आसपास आहे. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये जगभरातल्या ८७ सागरी संरक्षित क्षेत्रांचा एक अभ्यास आला. कोणत्या क्षेत्रात मासे खरोखर वाढतात हे शोधताना त्यात पाच गुण निघाले: मासेमारी पूर्ण बंद असणे, राखण चोख असणे, दहा वर्षांहून जुने असणे, शंभर चौरस किलोमीटरहून मोठे असणे, आणि भोवती खोल पाणी किंवा वाळू असल्यामुळे ते बाजूच्या खडपांपासून सुटे असणे. यातले एक-दोनच गुण असलेली क्षेत्रे निम्म्याहून अधिक होती, आणि तिथले मासे उघड्या समुद्रातल्या माशांपेक्षा वेगळे ओळखूही येत नव्हते. चार-पाच गुण जमले तिथे मात्र शार्क आणि मोठ्या गोब्र्यासारख्या माशांचे एकूण वजन कितीतरी पटींनी जास्त भरले. मालवणला या कसोटीवर लावून बघा. वय सोडले तर हाती फारसे काही लागत नाही.

बंद पाण्याचा बाहेरच्या मच्छीमाराला उपयोग काय, हा प्रश्न मला किनाऱ्यावर नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. त्यासाठी मी फिलिपिन्सच्या सुमिलॉन बेटाची गोष्ट सांगतो, कारण तिथे हा प्रयोग दोन्ही बाजूंनी झाला. सेबूच्या दक्षिण टोकाजवळचे हे छोटे बेट. सिलिमन विद्यापीठाचे अँजेल अल्काला यांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये बेटाभोवतीच्या प्रवाळ खडकाचा साधारण चौथा हिस्सा मासेमारीला बंद झाला. उरलेल्या तीन हिश्श्यांवर मच्छीमार गळ, पिंजरे, जाळी टाकत राहिले. दहा वर्षे हे टिकले. १९८४ मध्ये बंदी मोडली आणि सगळा खडक खुला झाला. साध्या हिशेबाने मासळी वाढायला हवी होती, कारण मासेमारीला जागा जास्त मिळाली. पण दोनेक वर्षांत एकूण उत्पन्न निम्म्याहून खाली घसरले. नोंदलेली घट ५४ टक्के आहे. म्हणजे पूर्ण खडकावरून जे मिळत होते ते आधी तीन हिश्श्यांवरून मिळणाऱ्या मासळीच्या निम्मेही नव्हते. बंद तुकडा बाहेरच्या जाळ्यात मासळी घालत होता, हे त्याच्या मोडण्याने सिद्ध झाले.

जवळच्याच आपो बेटावर १९८२ पासून गावकऱ्यांनी स्वतः एक तुकडा राखायला घेतला. सुमिलॉनचे काय झाले ते शेजारीच घडत होते, त्यामुळे तिथल्या मच्छीमारांना वेगळे पटवावे लागले नाही. पुढे फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर गावोगाव असे शेकडो तुकडे उभे राहिले. त्यांतले बरेचसे मालवणच्या गाभ्याहूनही लहान आहेत. म्हणून 'लहान अभयारण्याचा उपयोग नाही' असे कोणी म्हणाले तर मी सहमत होत नाही. लहान चालते, जर ते खरोखर बंद असेल आणि शेजारी दुसरे असेल.

हे का घडते ते माशाच्या पोटात आहे. मादी जसजशी मोठी होते तशी तिची अंडी लांबीच्या प्रमाणात नव्हे, त्याहून कितीतरी वेगाने वाढतात. मेक्सिकोच्या आखातातल्या लाल स्नॅपरचा, म्हणजे आपल्या तांबोशीच्या चुलत भावंडाचा हिशेब प्रसिद्ध आहे: ६१ सेंटिमीटरची एक मादी जेवढी अंडी देते तेवढी द्यायला ४२ सेंटिमीटरच्या २१२ माद्या लागतात. बाजारात हॉटेलवाला आधी उचलतो ती नेमकी हीच मोठी मादी. गोब्र्याचे प्रकरण आणखी नाजूक आहे. गोब्र्याच्या बहुतेक जाती मादी म्हणूनच वयात येतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. खडपातले सगळे मोठे मासे काढले की नरच उरत नाहीत. मग अंडी असतात, ती फळायला कोणी नसते. जिथे काहीच काढले जात नाही तिथेच हा म्हातारा गोब्रा टिकतो.

आणि त्याची पिल्ले तिथेच थांबत नाहीत. खडपातल्या बहुतेक माशांची अंडी-अळी काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहते. ही पिल्ले कुठे जातात हे पूर्वी अंदाजाने सांगावे लागे. आता डीएनएवरून आई-बाप ओळखता येतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या केपेल बेटांवर हे करून पाहिले गेले. तिथल्या खडकांपैकी २८ टक्के भाग मासेमारीला बंद होता. आसपासच्या तीसेक किलोमीटरमध्ये रुजलेल्या कोरल ट्राउट आणि स्नॅपरच्या पिल्लांपैकी जवळजवळ निम्मी त्या बंद भागातल्या आई-बापांची निघाली, आणि त्यांतली बरीचशी मासेमारी चालणाऱ्या खडकांवर जाऊन वाढत होती.

आपल्याकडे ही कल्पना परकी नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न लोटण्याची रीत कायदा येण्याच्या कितीतरी आधीची आहे. आताची १ जून ते ३१ जुलैची पावसाळी बंदी तिच्याच पावलावर आहे. ती बंदी काळाची आहे. मी मागतोय ती जागेची. फरक इतकाच की जागा बारमाही बंद राहिली तर मासा म्हातारा होऊ शकतो, आणि दोन महिन्यांच्या बंदीत तो म्हातारा होत नाही.

आता मोठ्या आकड्यांकडे. हवाई बेटांच्या वायव्येला पापाहानाउमोकुआकेआ हे अमेरिकेचे सागरी स्मारक, म्हणजे एक प्रकारचे अभयारण्यच, २००६ मध्ये सुमारे ३.६ लाख चौरस किलोमीटरचे होते; २०१६ मध्ये ते १५ लाखांच्या वर नेले. पलाउने २०२० पासून आपल्या आर्थिक क्षेत्राचा (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्राचा) ८० टक्के भाग व्यापारी मासेमारीला बंद केला. अशा अफाट क्षेत्रांवर पहिला आक्षेप असा असतो की कुपा, म्हणजे टुना, हजारो किलोमीटर भटकते, तिला रेघेचे काय. २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये हवाईच्या लाँगलाइन, म्हणजे लांब दोरीला असंख्य गळ लावणाऱ्या बोटींच्या नोंदींवर आधारित अभ्यास आला. विस्तारानंतर हद्दीजवळच्या पाण्यात यलोफिन कुपेचे तेवढ्याच गळांमागे मिळणारे प्रमाण ५४ टक्क्यांनी वाढलेले दिसले. म्हणजे क्षेत्र पुरेसे मोठे असेल तर भटक्या माशालाही आसरा मिळतो. पण केवळ सहीने वाढलेले क्षेत्र सहीनेच उघडेही होते. प्रशांत महासागरातल्या दुर्गम बेटांचे अमेरिकेचे जे स्मारक २०१४ मध्ये साधारण सहापट केले होते, त्यातला वाढवलेला भाग व्यापारी मासेमारीला पुन्हा खुला करण्याचा आदेश एप्रिल २०२५ मध्ये निघाला.

मोठ्या रेघेने अन्यायही होतो, हे मी मुद्दाम सांगतो. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरच्या लोकांना ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात हुसकावले आणि २०१० मध्ये त्याच बेटांभोवती साडेसहा लाखांच्या आसपास चौरस किलोमीटरचे 'संरक्षित क्षेत्र' जाहीर केले. मॉरिशसच्या तक्रारीवर आंतरराष्ट्रीय लवादाने २०१५ मध्ये ब्रिटनच्या विरोधात निकाल दिला. तिथली प्रवाळ खडपे हिंदी महासागरातल्या उत्तम खडपांपैकी आहेत, ती राखायलाच हवीत. पण ज्यांचे ते पाणी त्यांना परके ठेवून राखलेले अभयारण्य मला मान्य नाही, आणि ते टिकतही नाही.

ग्रेट बॅरियर रीफचे उदाहरण मला त्यापेक्षा शिकण्यासारखे वाटते, कारण तिथे बाहेरची हद्द जवळपास तशीच ठेवून आतला गाभा वाढवला. सुमारे ३,४४,००० चौरस किलोमीटरच्या उद्यानात पूर्ण बंद भाग ५ टक्क्यांहून कमी होता. १ जुलै २००४ ला तो ३३ टक्के झाला. प्रवाळच नाही, तर समुद्रगवत, चिखलाचे तळ, खोल वाहिन्या अशा प्रत्येक प्रकारच्या अधिवासाचा किमान पाचवा हिस्सा बंद व्हावा असा नियम ठेवला. लोकांकडून हजारो हरकती घेतल्या, नकाशे पुन्हा आखले, आणि ज्यांचा धंदा बुडाला त्यांच्यासाठी २० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त खर्च केला. पैशाचा हा भाग आपल्याकडच्या चर्चेत येतच नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हवी. पाणी तापले की अभयारण्य प्रवाळाला वाचवत नाही. २०१६ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर जे विरंजन झाले, म्हणजे उष्णतेने प्रवाळ पांढरे पडले, त्यात बंद पट्टे आणि खुले पट्टे सारखेच पांढरे पडले. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्णलाटांनंतर प्रवाळाचे आच्छादन साधारण ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर आले आहे. मग मासे राखून काय साधते? सावरणे साधते. प्रवाळ मेला की सांगाड्यावर शेवाळ चढते. ते पोपटमासे आणि सर्जनमासे खरवडून खातात, तेव्हा स्वच्छ जागा उरते आणि नवी प्रवाळअळी तिथे बसू शकते. लक्षद्वीपमधली अनेक खडपे १९९८ नंतर सावरली, त्यामागे एक कारण हेही मानले जाते की तिथले मच्छीमार पिढ्यानपिढ्या गळाच्या काठीने कुपाच धरत होते, खडपातले मासे फारसे काढत नव्हते. तिथे कुठले अभयारण्य नव्हते, पण परिणाम अभयारण्याचा होता. आता खडपातल्या माशांनाही व्यापारी मागणी येऊ लागली आहे, आणि मला त्याची काळजी वाटते.

आता मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाबाहेर पाणी स्वच्छ असते त्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, खाली उतरा. पाच-सहा मीटरवर पोराइटीस प्रवाळाचे गोल धोंडे दिसतील. लांबून साध्या दगडासारखे, जवळ गेल्यावर पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी हजारो भोके, प्रत्येकात एक जिवंत प्राणी. हा धोंडा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यावर हाताच्या पंजाएवढा पांढरा ओरखडा दिसला तर तो बहुधा नांगराचा असतो. लोखंडी नांगर खडपात अडकतो, होडी लाटेबरोबर ओढली जाते आणि कपची निघते. महिनाभरात त्या जखमेवर शेवाळ, त्यावर गाळ. पंजाएवढ्या जागेवरची कित्येक वर्षांची वाढ गेली. एका हंगामात त्याच चार खडपांवर किती वेळा नांगर पडत असेल, याचा विचार करा. स्नॉर्केलिंगच्या होड्या पाव-बिस्किटे टाकतात, ती खायला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे घोळक्याने येतात आणि पर्यटकाला वाटते की इथे मासे भरपूर आहेत. मोठा गोब्रा शोधायला गेलात तर बराच वेळ पोहावे लागते.

स्थानिक मच्छीमारांचा अभयारण्याला विरोध सुरुवातीपासून आहे, आणि मला तो समजतो. ही हद्द मालवणच्या बंदराला, म्हणजे लोकांच्या रोजच्या वाटेला लागून आखली गेली. त्यांचे खरे दुखणे वेगळेच आहे: पर्ससीन (अख्खा थवा वेढून उचलणारे मोठे जाळे), एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे खेचून केलेली मासेमारी आणि परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, २०२१ मध्ये राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यात दंड वाढले. तरीही रात्री किनाऱ्यावरून समुद्रात उजेडाची रांग दिसते. किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकराला एकीकडे हे दिसते, आणि दुसरीकडे त्यालाच सांगितले जाते की मासे वाचवायला तू बाजूला हो. विरोध होणारच. कायदाही त्याच्या बाजूने आहे, हे फार जणांना ठाऊक नसते. सागरी हद्दीतले अभयारण्य जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी, असे वन्यजीव संरक्षण कायद्यातच लिहिलेले आहे.

म्हणून माझे मत असे. मालवणचे सलग मोठे वर्तुळ आखण्याऐवजी निवतीपासून आचऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात काही खडपे निवडावीत आणि ती पूर्ण बंद करावीत. कोणती, हे रापण संघ आणि गिलनेटवाल्यांनी (पाण्यात उभे जाळे लावणाऱ्यांनी) ठरवावे. कुठल्या खडपावर कुठल्या महिन्यात गाभोळीचा, म्हणजे अंड्यांनी भरलेला, मासा येतो हे त्यांच्याइतके आम्हाला माहीत नाही. त्यांच्यातलीच माणसे राखणीला पगारावर घ्यावीत. बंद खडपांभोवतीच्या पाण्यात पर्ससीन आणि एलईडीवर कडक कारवाई त्याच दिवसापासून सुरू व्हावी, म्हणजे बंदीचा पहिला फायदा त्यांनाच दिसेल; बंद तुकड्यातून मासे बाहेर यायला निदान पाच-सात वर्षे जातात आणि तेवढा काळ कोणी फक्त आश्वासनावर जगत नाही. पर्यटकांच्या होड्या बांधायला कायमचे बोये (तरंगते खुंट) बसवून नांगर टाकणे बंद करावे. याला एक हंगामही लागत नाही. आणि कर्ली, गड, कोळंबच्या खाड्या यात धराव्यात. तांबोशीची पिल्ले खारफुटीच्या मुळांत वाढतात आणि मोठी होऊन खडपात येतात. खाडी भरावाने बुजली तर बाहेरचे अभयारण्य रिकामे राहते. कॅरिबियन समुद्रात हे मोजलेले आहे: खारफुटी जवळ असलेल्या प्रवाळ खडकांवर काही जातींचे वजन दुपटीहून अधिक भरले.

मच्छीमाराला विश्वासात घेतले तर तो किती पुढे येतो, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क जाळे कापून सोडले तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ पासून सुरू झाली. त्यानंतर कोळ्यांनी स्वतः व्हिडिओ काढून असे कितीतरी जीव सोडले आहेत. त्यांना दम कोणी दिला नव्हता, त्यांचे नुकसान भरून दिले होते.

खरा मोठा विस्तार मात्र मला मालवणच्या किनाऱ्यापेक्षा बाहेर दिसतो. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, समुद्राच्या पोटात आंग्रिया बँक नावाचे पठार आहे. कान्होजी आंग्र्यांचे नाव त्याला आहे. साधारण ४० किलोमीटर लांब, १५ किलोमीटर रुंद, आणि माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. नद्यांचा गाळ तिथपर्यंत पोहोचत नाही, पाणी नितळ असते आणि प्रवाळ किनाऱ्याजवळच्यापेक्षा कितीतरी दाट आहे. वर सांगितलेल्या पाच गुणांपैकी आकार आणि सुटेपणा तिथे निसर्गानेच दिले आहेत. रोजच्या होडीने तिथे कोणी जात नाही, त्यामुळे विस्थापनाचा प्रश्नही जवळजवळ नाही; जातात ते मोठे ट्रॉलर आणि लांब पल्ल्याच्या बोटी. अडचण कायद्याची आहे. वन्यजीव कायद्याखालचे अभयारण्य १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या आतच करता येते. त्यापलीकडे १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्राने 'निर्देशित क्षेत्र' जाहीर करावे लागते. राज्याने २०२० मध्ये या प्रस्तावाला अनुकूलता दाखवली होती.

२०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखण्याचे जे जागतिक उद्दिष्ट २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला ठरले, त्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याचा वाटा द्यायचा असेल तर मी सुरुवात आंग्रियापासून करेन. तळ खरवडणारे ट्रॉल आधी बंद, मग सगळी मासेमारी. राखणीसाठी तटरक्षक दल आणि बोट कुठे आहे ते कळवणारे ट्रान्सपाँडर. तिथल्या नोंदी दरवर्षी मराठीत, मालवण-देवगड-विजयदुर्गच्या मच्छीमार सोसायट्यांपर्यंत पोहोचवाव्यात. आणि त्याच वर्षी मालवणच्या खडपांवर बोये बसवायला घ्यावेत, कारण त्यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.